थांबवणारे हात

चालायचं एकाच्या हातावर, थांबायचं कुणाच्याही हातावर. क्रेनवर चढणाऱ्या माणसाला त्या शेडमध्ये सगळ्यात आधी हे वाक्य शिकवत. उचल, सोड, डावीकडे घे, हे फक्त खाली उभ्या हातवाल्याने हाताच्या खुणांनी सांगायचं. पण कुणाचाही उघडा पंजा डोक्यावर ताठ गेला, मग तो साहेबाचा असो की झाडूवाल्याचा, वरच्या माणसाने लगेच दांडे सोडून क्रेन थांबवायची. टांगलेल्या लोखंडाखाली कोणी सापडत असेल तर हात करणाऱ्याचा हुद्दा विचारत बसायला वेळ नसतो, म्हणून हा नियम. नियम चांगला होता. त्याच नियमाने तिला जवळजवळ संपवलं.

ती म्हणजे कोठीवरची बाई. लोखंडी टाक्या बनवण्याच्या त्या शेडमध्ये माल उचलायला लागणाऱ्या साखळ्या, पट्टे, आकडे एका अंधाऱ्या खोलीत ठेवलेले असत आणि भिंतीतल्या फटीसारख्या खिडकीतून ती ते बाहेर द्यायची. खिडकी इतकी अरुंद की समोरच्याचं तोंड दिसत नसे. हात आत यायचा, साखळी मागायचा, जायचा. कितीतरी वर्षं हे चाललं. तिला बसून राहता येत नसे. काम नसलं की ती साखळ्या उतरवून पुन्हा टांगायची, टांगलेल्या पुन्हा उतरवायची. घरीही तेच. जेवताना दोनदा उठणार, झोपताना कडी तीनदा बघणार. सासू म्हणायची, "हिच्या पायाला चाकं लावूनच धाडलीय माहेरच्यांनी."

मग क्रेनवरचा म्हातारा गुडघ्यांनी थकला आणि त्याच्या जागी शेडमधल्याच कोणाला तरी शिकवायचं ठरलं. दोघांनी नावं दिली. एक फोरमनचा पुतण्या, दुसरी ही.

फोरमन कोठीच्या खिडकीत वाकला. "वहिनी, इथं पंखा आहे, सावली आहे, बसायला स्टूल आहे. वर काय आहे?"

"बघायला आहे," ती म्हणाली.

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो. शेडमध्ये सगळे तिला वहिनी म्हणत. तिचा नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता आणि शेडमधल्या एकानेही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी ती सगळ्यांची वहिनी. हाक मारताना आवाज खाली यायचा, शिव्या अर्ध्यावर गिळल्या जायच्या. कोठीत असताना तिला ते बरं वाटायचं.

दोघांनाही शिकवलं आणि मग परीक्षेचा काळ ठरला. रोज अर्धा दिवस तिने चालवायचं, अर्धा दिवस पुतण्याने. खाली हातवाला एकच. ज्याचं काम झटपट आणि बिनचूक, तो कायम. दुसरा आपल्या जुन्या जागेवर.

पहिला घोळ शिडीवरच झाला. केबिनपर्यंत उभी लोखंडी शिडी होती. ती चढायला लागली की कुणाला वर बघावं की बघू नये ते कळेना, म्हणून फोरमनने फर्मान काढलं, वहिनी चढताना सगळ्यांनी माना खाली घालायच्या. आता मान खाली घातल्यावर घासकाम करता येत नाही, जोडकाम करता येत नाही. ती चढायला लागली की अख्खी शेड थांबायची.

"शाळेत असताना एवढी मान खाली घातली असती तर आज साहेब झालो असतो," रंगारी म्हणायचा, आणि हसू दाबल्याचे आवाज तिला शिडीवर ऐकू यायचे.

पँट घातली होती तिने, सगळ्यांसारखीच, खाकी. मान खाली घालण्यासारखं त्यात काय होतं, ते तिला कधीच कळलं नाही.

वर गेली की दुपारपर्यंत खाली यायची सोय नव्हती. म्हणून सकाळी ती पाणी प्यायची नाही. म्हाताऱ्याने वर एक बाटली ठेवलेली असायची. ती कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल बोलायची गरज कधी कुणाला वाटली नव्हती. तिची जीभ कोरडी व्हायची, डोकं ठणकायचं, पण दांड्यांवर बोटं पडली की पायांतली ती जुनी वळवळ थांबायची. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला एका जागी बसवत होतं.

आणि मग हात.

हातवाला शेडच्या मध्यावर उभा राहायचा. फारसं न बोलणारा, हडकुळा माणूस. तिला तो वहिनी म्हणत नसे. म्हाताऱ्याला म्हणायचा तसं तिलाही नुसतं "ए क्रेन!" म्हणायचा, आणि छातीसमोर बोट फिरवायचा, उचल. ती उचलायची. टाकीचा पत्रा जमिनीवरून सुटतो न सुटतो, तोच डावीकडून एक पंजा वर. ती दांडे सोडायची. पत्रा झोके घेत लटकायचा. हातवाला वळून विचारायचा, काय झालं?

"काही नाही, आपलं खात्री करून घेतली. वहिनींना तो खांब दिसतोय ना?"

पुन्हा उचल. पुन्हा एक हात, आता उजवीकडून. "वहिनी, दमानं!"

कधी घासकामवाला, कधी फोरमन, कधी रंगारी. कोणी खरंच धास्तावून, कोणी गंमत म्हणून, कोणी दुसऱ्याने केला म्हणून. झोका शांत होईपर्यंत पुढे जाता येत नसे, आणि मधला सगळा वेळ तिच्या नावावर लागायचा. दुपारी पुतण्या वर जायचा तेव्हा ती खाली उभी राहून पाहायची. तो तिच्यापेक्षा कच्चा होता, आकडा आदळायचा, झोका आवरता यायचा नाही. एकही हात वर जात नसे. लोक बाजूला सरायचे आणि म्हणायचे, "शिकेल लेकाचा."

साहेबांनी तिला बोलावलं. तरुण होते, कामाची कदर असलेले.

"तुमचा हात स्वच्छ आहे, पण गती फार कमी. सारख्या थांबता."

"हात वर जातो म्हणून थांबते, साहेब."

"मग त्याच्या वेळी का जात नाही?"

तिच्याकडे उत्तर होतं. पण ते तोंडात आणल्यावर रडगाण्यासारखं वाटलं असतं. ती म्हणाली, "बघते."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "अगं, तुझ्याच काळजीनं करतात ना?"

"हो."

"मग वाईट कशाला वाटून घेतेस?"

"अहो, काळजीनं माणूस बुडतो का कधी? मी बुडतेय."

सासू आतून म्हणाली, "सारखं लांडगा आला, लांडगा आला. एक दिवस खरंच येईल, मग बसा."

दुसऱ्या दिवशी तिने ठरवून टाकलं. हातवाल्याचा हात, बस. बाकीचे हात म्हणजे वाऱ्याने हललेले कपडे.

आणि जमलं. डावीकडून पंजा वर गेला, तिने पाहिला आणि दांडा तसाच ओढलेला ठेवला. पत्रा सरळ जाऊन जागेवर बसला. काहीही झालं नाही. खाली कुजबुज झाली. "वहिनींना दिसेनासं झालं का?" तिची गती वाढत गेली. साहेबांनी जाता जाता मान डोलावली. तिला मात्र झोप लागेना. पाळत होती तेव्हा नियम तिला खात होता, आता मोडल्यावर तो अंथरुणात येऊन शेजारी पडायला लागला. कूस बदलली तरी तो तिथेच.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी टाकीचा अर्धा गोल उचलायचा होता. त्याची कड धारदार असते, म्हणून कडेवर गोणपाटाची घडी ठेवून वरून पट्टा घालतात. हातवाला एका बाजूला. गोलाच्या पलीकडे, त्याला न दिसणाऱ्या बाजूला, रंगारी लाकडी घोडीवर चढून दुसऱ्या टाकीला रंग देत होता. तिने उचलायला सुरुवात केली आणि गोणपाट सरकून खाली पडलं. ते फक्त रंगाऱ्याला दिसलं. त्याने ब्रश टाकला आणि हात वर केला.

तिला तो हात दिसला. केबिनच्या काचेच्या कोपऱ्यात, पांढरा रंग लागलेला पंजा. तिच्या मनात शब्दही तयार होते, वहिनी, दमानं. तिने दांडा सोडला नाही.

पट्टा कडेवर कापला गेला. गोल एका अंगाने खाली आला, घोडीला घासत गेला आणि घोडी रंगाऱ्यासकट आडवी झाली. आवाज एवढा मोठा होता की त्यानंतर शेडमध्ये काहीच ऐकू येईना. रंगाऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आणखी हातभर इकडे असता तर मोडण्यासारखं काही उरलं नसतं.

ती शिडीवरून उतरली तेव्हा कुणीही मान खाली घातली नाही.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. रंगारी पट्ट्यांत बांधलेला, चेहरा राखेसारखा.

"हात केला होता मी," तो म्हणाला.

ती उभी राहिली.

"डोळे फुटले होते का तुझे?" वहिनी गेली होती, अहोही गेलं होतं. "हात केला होता मी!"

तिला म्हणता आलं असतं, रोजच करत होतास. पण आजचा हात खरा होता आणि तो माणूस मरता मरता वाचला होता. घरी परत येताना रस्त्यावर कुणीतरी रिक्षेला हात केला आणि ती जागच्या जागी थांबली.

चौकशीच्या सकाळी फोरमनने तिला कचेरीच्या दाराशी गाठलं. हातात पाण्याचा पेला होता, तिच्यासाठी.

"वहिनी, ऐका माझं. तो खांब मध्ये येतो, खरंच येतो. हात दिसला नाही म्हणा. बाईमाणूस, गडबडून गेलात. साहेब समजून घेतील. तुमची कोठी कुठं पळून जात नाही."

"आणि दिसला म्हटलं तर?"

"तर नोकरीच जाईल. कशाला आगीतून फुफाट्यात?"

ती पाणी प्यायली. त्याला खरंच वाटत होतं की तो तिला वाचवतोय, आणि वाचवण्याची वाट एकच होती, परत त्या फटीमागे. खोटं सोपं होतं, सगळ्यांच्या सोयीचं होतं. पण ती हात दिसला नाही असं म्हणाली असती तर रंगाऱ्याचा हात वर गेलाच नव्हता असं झालं असतं. आणि बाईला वरून दिसत नाही, हे त्या शेडमध्ये कायमचं खरं झालं असतं.

आत साहेब, फोरमन, हातवाला, पुतण्या. खिडकीबाहेर कामाचे आवाज नेहमीपेक्षा कमी. लोक कान देऊन होते.

"हात दिसला होता का?" साहेबांनी विचारलं.

"दिसला होता."

फोरमनने कपाळाला हात लावला.

"मग थांबला का नाहीत?"

"नेहमीचाच वाटला."

"नेहमीचा म्हणजे?"

ती सांगत गेली. खांब, खात्री, दमानं, झोके, तिच्या नावावर लागणारा वेळ. आवाज कापत होता, म्हणून ती थांबत थांबत बोलली. "नियम मी मोडला. रंगाऱ्याचं हाड माझ्यामुळे मोडलं. शिक्षा द्या. पण थांबायचा हात इथं खेळ करून ठेवलाय, तो मी एकटीनं केलेला नाही."

"अहो, काळजीपोटी करतात पोरं," फोरमन उसळला. "आता काळजी घेणं हाही गुन्हा का?"

"तुमच्या पुतण्याची काळजी कुणालाच नाही का मग?"

पुतण्याला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं, पण साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या वेळी हात होतात?"

पुतण्या काकाकडे बघून मग जमिनीकडे बघत राहिला. "नाही होत. मला वाटायचं मी भारी चालवतो."

त्यावर हातवाला पुढे आला. तिला वाटलं, आता हा आपल्या बाजूने बोलेल. त्या सगळ्या हातांत तिचा विश्वास याच एका हातावर होता.

"माझाही बघा," तो म्हणाला. त्याने छातीसमोर बोट फिरवलं, झपझप. "हा याच्यासाठी." मग पुन्हा फिरवलं. बोट तेच, गोल तोच, पण सावकाश, झोपलेल्या मुलावरून चादर ओढावी तसं. "आणि हा हिच्यासाठी. मी ठरवून नाही केलं. मला वाटायचं सारखाच फिरतो. ते झाल्यापासून जेवतानासुद्धा मी हाताकडे बघतोय."

त्याच्या मदतीपेक्षा तिला त्या सावकाश बोटाचा घाव जास्त लागला. इतके दिवस ती त्या बोटाच्या वेगाला आपला वेग समजत आली होती.

निकाल लागायला वेळ लागला. तिला ताकीद मिळाली आणि बरेच दिवस क्रेनपासून दूर ठेवलं. दरम्यान शेडचा नियम बदलला. थांबवायचा हात पूर्वीसारखाच कुणीही करू शकेल आणि क्रेन लगेच थांबेल. मात्र हात करणाऱ्याने तो तसाच वर ठेवायचा, हातवाला जवळ येईपर्यंत, आणि का केला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगायचं. थांबण्यात गेलेला वेळ क्रेनवाल्याच्या नावावर धरायचा नाही. शिडीपाशी कुणी काम थांबवायचं नाही. तिने आणखी एक मागून घेतलं होतं, सकाळच्या मध्यावर खाली उतरायची सुट्टी. ती मिळाल्यावर सगळ्यात आधी पुतण्याच उतरायला लागला. दोघांची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

"हात दाखवून अवलक्षण," घासकामवाला म्हणाला. "आपण मुकाट्यानं खिशात ठेवलेले बरे."

आणि तसंच झालं. ती पुन्हा वर गेली तेव्हा खाली एकही हात उठेना. हातवाल्याचं बोट आता झपझप फिरायचं, इतकं की पहिल्या दिवशी ती मागे पडली, आकडा आदळला, घाम फुटला. "शिकेल" असं कुणी म्हटलं नाही. वहिनी म्हणणं कमी झालं, बोलणंही कमी झालं. लोक रुसले होते की लाजले होते, ते वरून कळत नसे. रंगारी बरा होऊन परतला, त्याने तिच्याकडे पाठ करूनच काम सुरू केलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि तरी ती प्रत्येक उचलीला चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची. आता खरंच काही सरकलं तर हे हात खिशातून निघतील का? पूर्वी हातांची भीती होती, आता त्यांच्या नसण्याची.

पुढे कायम झाल्याचा कागद तिलाच मिळाला. पुतण्याला शेजारच्या शेडमधल्या छोट्या क्रेनवर घेतलं. पण तो कागद कुठल्या दिवशी आला, हे ती सांगू शकत नाही. त्याआधीची एक दुपार ती सांगते.

पुतण्या वर होता. ती खाली भिंतीशी उभी होती. चार साखळ्यांवर टाकीचा एक जड तळ उचलला जात होता आणि तिला दिसलं की पलीकडच्या साखळीला पीळ पडलाय. कडीवर कडी चढलीय. कोठीत इतकी वर्षं काढलेल्या कुणालाही दिसलं असतं. कदाचित भार आल्यावर पीळ आपोआप सुटेल. नाही सुटला तर झटका बसेल, आणि तळाच्या जवळ दोन माणसं होती.

हात केला तर म्हणणार, सूड घेतेय. पुतण्याची उचल अडवतेय. वर ठेवलेला हात आता सगळी शेड बघणार, आणि कारण मोठ्याने सांगायचं. तिचा मोठा आवाज या लोकांनी कधी ऐकलाच नव्हता. आणि सुटलाच पीळ तोवर, तर? मग ती तिथे उगाच हात वर करून उभी. वहिनी, दमानं.

तिने हात वर केला.

क्रेन थांबली. तळ जरा हलून लटकत राहिला. घासकाम थांबलं. माणसं वळली. ती हात तसाच धरून उभी राहिली. दंड दुखायला लागला, घाम बाहीत उतरला, आणि हातवाला पलीकडून साखळ्यांना वळसा घालत, सावकाश, येत होता. काचेमागे पुतण्या उभा राहून बघत होता.

"बोल," हातवाला म्हणाला.

"साखळीला पीळ आहे!" ती ओरडली. आवाज फाटला, छताच्या पत्र्यावर जाऊन परत आला. "पलीकडच्या! कडीवर कडी चढलीय!"

हातवाला साखळीकडे वळला. तिने हात खाली घेतला नाही.